मावशींच्या गॅरेजची ऊब

जागा बघायला गेलो तेव्हा मावशींनी नोकरी कुठे, पगार किती, घरी मांस-मच्छी शिजवता का, यातलं काहीच विचारलं नाही. आम्ही दोघं नवराबायको अंगावरचे जाड कोट सांभाळत सोफ्याच्या कडेला टेकलो होतो. त्यांनी पाणी आणून दिलं, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "रात्री झोपताना खिडकी लावून घेता का?"

बाहेर मिशिगनमधला नोव्हेंबर होता. झाडं बोडकी झाली होती आणि पहिलं बर्फ पडून गेलं होतं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लावतो की. इथं सगळेच लावतात ना?"

"माझ्या घरी नाही लावायची. बोटभर उघडी पाहिजे. बर्फ पडो नाहीतर दगड पडो. चालत असेल तर वरचा मजला तुमचा."

आम्हाला चाललं. खरं तर चालवून घेण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आज आमच्या या नोव्हाय गावात पावलापावलावर आपली माणसं भेटतात, पण तेव्हा तिथं सफरचंदाच्या बागा होत्या, मक्याची शेतं होती आणि मराठी घरं दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील एवढी. त्यातल्या एका घराचा वरचा मजला रिकामा आहे हे कळल्यावर आम्ही धावतच गेलो होतो. पुढे तीन वर्षं त्या मजल्यावर दोन-दोन रजया घेऊन झोपलो.

मावशी मूळच्या नागपूरच्या. भूल देणाऱ्या डॉक्टर. लग्न केलं नव्हतं आणि त्याबद्दल कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "दिवसाला सहा माणसं झोपवते. घरी आणखी एक कशाला?" उंचीनं बुटक्या, केस पुरुषासारखे कापलेले, पायात घरातसुद्धा बर्फाचे बूट. पंधरा वर्षं अमेरिकेत राहूनही नागपूर जिभेवरून उतरलं नव्हतं. 'करतेय' म्हणायच्या जागी 'करून राहिली' यायचं. एखाद्या गोऱ्या नर्सशी फोनवर अस्खलित इंग्रजीत बोलता बोलता मध्येच "अरे बापा!" म्हणायच्या, आणि ती नर्सही तिकडून काहीतरी समजून उत्तर द्यायची.

आपल्या कामाचा त्यांना अभिमान होता, पण तो त्या उलट्या बाजूनं सांगायच्या. "झोपवायला काय लागते? कोणीही झोपवेल. रुग्णाला परत उठवायचे पैसे देतात मला." ऑपरेशनच्या टेबलावर पेशंटला आकडे मोजायला लावायची पद्धत त्यांना मान्य नव्हती. त्या विचारायच्या, "तुझी आई काय छान करायची?" मग तो ट्रकवाला, शेतकरी, शाळेतली बाई, कोणी असेल ते, बटाट्याचं सूप नाहीतर ॲपल पाय सांगता सांगता झोपी जायचं. "माणूस आईच्या हातचं खाता खाता गेला की चांगला उठतो," असं त्यांचं म्हणणं. याला कुठल्या पुस्तकात आधार आहे असं मी एकदा विचारलं. "माझ्या," म्हणाल्या.

पण त्यांचा खरा जीव अडकला होता तो गॅरेजात.

दोन गाड्यांचं गॅरेज, पण गाडी एकही आत नसे. मावशींची गाडी बाहेर ड्राइव्हवेमध्ये बर्फाखाली गाडलेली असायची, आणि पहाटे ड्यूटीला निघताना त्या ती फावड्यानं उकरून काढायच्या. आत होतं सुतारकामाचं टेबल, भिंतीवर ओळीनं लावलेल्या करवती, रंधे, जोडलेलं लाकूड आवळून धरायचे शिकंजे, आणि पाळणे. हो, पाळणे. आपल्याकडे बारशाला लागतो तसा लाकडी, झुलणारा, कठड्याचा पाळणा इथं मिळायचा नाही. इथलं बाळ पिंजऱ्यासारख्या खाटेत झोपायचं. पहिल्या कोणा मराठी मुलीच्या बारशाला बायकांनी लाँड्रीची टोपली साडीनं सजवून तीच हलवली म्हणे. मावशी तिथं हजर होत्या. घरी येऊन त्यांनी लायब्ररीतून सुतारकामाची पुस्तकं आणली. शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहायचे, मोटारीच्या कारखान्यात आयुष्यभर लाकडी साचे बनवून रिटायर झालेले. त्यांच्याकडून मावशी सांधे जोडायला शिकल्या. तेव्हापासून आसपास ज्या मराठी घरात बाळ यायचं, त्या घरी मावशींचा पाळणा जायचा. उसना नाही, कायमचा. कठड्यावर राघू-मैना कोरलेले, आणि तळाला, बाळाला दिसणार नाही अशा जागी, खडूनं लिहून मग कोरलेला एक आकडा. आम्ही गेलो तेव्हा आकडा अकरावर होता.

अडचण थंडीची. डिसेंबर ते मार्च गॅरेजात पाणी गोठायचं. लाकूड कापता यायचं, हातमोजे घालून रंधाही मारता यायचा, पण गोंद धरायचा नाही. सांधा रात्रभर शिकंज्यात आवळून ठेवला तरी सकाळी गोंद खडूसारखा पांढरा होऊन भुगा पडलेला असायचा. "पंचावन्न फॅरनहाइट पाहिजे याला," मावशी गोंदाची बाटली हलवत म्हणायच्या, "माझ्या पेशंटपेक्षा नाजूक आहे हा." आणि बाळं काही हवामान बघून येत नाहीत.

म्हणून गॅरेज गरम कसं करायचं, हा त्या घरातला कायमचा प्रश्न होता. मी राहायला जाण्याच्या आधी दोन हिवाळे तो चालू होता. जेवायला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आमटी वाढता वाढता मावशी विचारायच्या, "तुमच्या मते गॅरेजला काय बरं?" पाहुणा उत्साहानं सांगायचा. मावशी शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि त्याचं मत तिथल्या तिथं मोडीत काढायच्या. विजेचा पंख्यावाला हीटर? "लावून पाहिला. करवत आणि तो एकदम चालू केले की घरातले दिवे जातात. आणि ऊब कुठपर्यंत? घोट्यापर्यंत." लाकडाची भट्टी? ती शेजारच्या म्हाताऱ्यांनी सुचवली होती. "भुशाच्या खोलीत ठिणगी? तुमचा तर साठ वर्षांचा अनुभव आहे, तुम्ही असं सांगता?" घर गरम करणाऱ्या फर्नेसचाच एक फाटा गॅरेजात काढायचा? "म्हणजे गॅरेजातला वास घरात. वरती पोरं झोपतात माझी." पोरं म्हणजे आम्ही. रॉकेलचा हीटर? यावर मात्र त्या काही बोलायच्याच नाहीत. "नाही," एवढंच. आणि पाहुण्याच्या पानात भात वाढायच्या.

त्या वर्षांत रॉकेलच्या हीटरची लाट आली होती. तेल महाग, वीज महाग, म्हणून जो तो घरात तो पांढरा डबा आणून ठेवत होता. माझ्या ऑफिसातले अर्धे लोक त्यावर खूश होते.

मी काम करत होतो ते मोटारींच्या भागांच्या एका कारखान्यात, गाडीच्या हीटरच्याच विभागात. मावशींना हे कळल्यावर त्या माझ्याकडे अपेक्षेनं बघू लागल्या. "तू दिवसभर गाडीतली ऊब डिझाइन करून राहिला. एवढं गॅरेज काय जड आहे तुला?" मला पंचविशीतला ताठा होता. मी कागदावर भिंतींचं क्षेत्रफळ काढलं, छत, दार, फटी, सगळ्यांचा हिशोब मांडला. मावशींनी तो कागद नाकाला चष्मा लावून वाचला आणि त्यांना एकच गोष्ट पटली: आधी भिंतींना स्वेटर घालायला हवा. मग दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर मी आणि त्या, दोघांनी मिळून भिंतींत ऊब अडवणारी काचतंतूची गुलाबी गादी भरली. गॅरेजच्या मोठ्या दाराला रबराची पट्टी लावली. फट न् फट बुजवली. आठवडाभर आम्ही दोघं अंग खाजवत होतो. फक्त बाजूची एक छोटी खिडकी त्यांनी वीतभर उघडी ठेवली. तिला हात लावायचा नाही अशी ताकीद होती. मला ते बादलीला बूच लावून तळाला भोक ठेवण्यासारखं वाटलं. तसं मी म्हटलंही.

"वाटू दे," मावशी म्हणाल्या.

गॅरेजात त्यांनी तीन थर्मामीटर टांगले होते आणि दवाखान्यातून आणलेल्या, पेशंटच्या पलंगाला टांगतात तसल्या पाटीवर त्यांचा तक्ता ठेवला होता. सकाळ, दुपार, संध्याकाळ. ड्यूटीवरून आल्या की घरात पाऊल टाकायच्या आधी तो भरायच्या. एका रविवारी आमच्याकडे आलेल्या एका मित्रानं तो पाहिला आणि घाबरून विचारलं, "कोण आजारी आहे?"

त्याच हिवाळ्यात पाळणा नंबर चौदाचं काम निघालं, आणि तो आमचा होता. बायकोला दिवस गेले होते. मार्च महिना दिला होता. मावशींनी मेपलच्या फळ्या आणल्या, मापं घेतली, कठड्याच्या दांड्या वळवून घेतल्या. जानेवारी आला आणि सांधे जोडायची वेळ झाली तेव्हा पारा असा खाली उतरला की पाटीवरचे तिन्ही आकडे एकसारखे दिसायला लागले. मावशींनी दोनदा गोंद लावला, दोनदा खरवडून काढला. तिसऱ्यांदा त्यांनी तो भाग घरात स्वयंपाकघराच्या टेबलावर आणून जोडायचा प्रयत्न केला, पण तीन फुटी शिकंजे टेबलावर मावेनात आणि पाळणा तिरका झाला. रागानं त्यांनी तो सांधा हातोडीनं तोडला. मी त्यांना असं करताना कधी पाहिलं नव्हतं.

"पोराला तिरक्या पाळण्यात टाकू काय?" त्या म्हणाल्या आणि कोट चढवून ड्यूटीवर गेल्या.

मला वाटलं, आता पुरे झालं. माणूस अभ्यास करता करता म्हातारा होईल, पण निर्णय घेणार नाही. ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं नवा हीटर घेतला होता, त्याचा जुना पडून होता. रॉकेलचा. शनिवारी सकाळी मावशींची ड्यूटी होती. मी जाऊन तो घेऊन आलो. वात थोडी काजळलेली होती, कात्रीनं कापली. पेटवला. पिवळट ज्योत आली, पण आली. वीतभर उघड्या खिडकीतून ऊब बाहेर जाताना मला जणू डोळ्यांनी दिसत होती. मी खिडकी लावून घेतली.

तासाभरात गॅरेज खोलीसारखं झालं. मी गोंद लावला, शिकंजे आवळले. तो सांधा धरणार हे बघूनच कळत होतं. मी बायकोला हाक मारली. ती जाडजूड शाल घेऊन आली, खुर्चीवर बसली आणि कठड्याच्या दांड्यांवर काचकागद घासू लागली. आम्ही नावांची चर्चा केली. मुलगा झाला तर काय, मुलगी झाली तर काय. मावशी आल्यावर त्यांचा चेहरा कसा होईल याची आम्ही नक्कल करून हसलो. किती वेळ गेला कळलं नाही.

मग ही म्हणाली, "डोकं फार दुखतंय." भुशामुळे असेल, मी म्हटलं. माझंही थोडं ठणकत होतंच. थोड्या वेळानं ती उठली आणि कोपऱ्यात जाऊन ओकली. त्यातही आम्हाला काही वेगळं वाटलं नाही. पोटुशी बाई ओकणारच. "जरा बस, मी लिंबू आणतो," असं म्हणून मी उठलो तर माझे गुडघे कापसाचे झाल्यासारखे वाटले, आणि मी परत बसलो. बसावंसं वाटलं एवढंच. भीती वगैरे काही वाटली नाही. छान सुस्ती आली होती.

मावशी त्या दिवशी लवकर सुटल्या हे आमचं नशीब. स्वयंपाकघराकडचं दार उघडून त्या आत आल्या, तोंड भरून हसत काहीतरी बोलायला आल्या होत्या. एका क्षणात त्यांनी सगळं पाहिलं. हीटर, बंद खिडकी, आम्ही. त्या ओरडल्या नाहीत. धावत जाऊन त्यांनी गॅरेजचं मोठं दार वर ढकललं. मग माझ्या बायकोला काखेत धरून, त्या एवढ्याशा बाईनं, बर्फात बाहेर ओढत नेलं. माझ्याकडे वळून त्यांनी फक्त एक शब्द उच्चारला. "चाल!"

गाडीच्या चारही काचा खाली करून, जानेवारीच्या वाऱ्यात, त्यांनी आम्हाला स्वतःच्या हॉस्पिटलात नेलं. वाटेत त्या माझ्या बायकोशी सारख्या बोलत होत्या. "झोपू नको. तुझी आई काय छान करते सांग. सांग मला. मोठ्यानं सांग." ही दाराला टेकून अडखळत सांगत होती, "पुरणपोळी... नाही, आळूवड्या..." आणि मावशी म्हणत होत्या, "आळूवड्या कशा करते? चिंच किती घालते? बोल!"

हॉस्पिटलात रक्त काढलं, दोघांच्या तोंडावर प्राणवायूचे मास्क बांधले. दोन तासांनी माझा काढला. मला वाटलं आता हिचाही काढतील. मावशींनी नाही काढू दिला. संध्याकाळ झाली, तिथले डॉक्टर म्हणाले रक्त साफ दिसतंय. मावशी म्हणाल्या, "हिचं झालं असेल. आतल्याचं व्हायला वेळ लागतो." आणि त्या पलंगाशी स्टूल ओढून बसल्या, एक हात मास्कवर आणि एक हात हिच्या पोटावर. बाळानं पाय मारला की त्या मान हलवायच्या. माझ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

पुढचे आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. बायकोसाठी रोज वर डबा यायचा, तो जिन्याच्या पायरीवर ठेवलेला असायचा. गॅरेजचं मोठं दार सताड उघडं होतं आणि आत बर्फ उडून येत होतं. हीटर त्यांनी कचऱ्याच्या गाडीत घातला होता.

नवव्या दिवशी मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. त्या चहा करत होत्या. मी म्हटलं, "मावशी, मला शिव्या द्या, पण बोला." त्यांनी दुसरा कप काढला. बराच वेळ नुसत्या चमचा ढवळत राहिल्या.

"मी सहा वर्षांची होती," त्या म्हणाल्या. "डिसेंबर होता. आमच्याकडे नागपूरला डिसेंबरात कडाक्याची थंडी असते. आई बाळंत झाली, भाऊ झाला. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून आजीनं खिडकीला पोतं ठोकलं, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. बाजेखाली शेगडी. ओवा, बाळंतशेपा, सगळी धुरी. संध्याकाळी आजीनं मला सांगितलं, शेगडी विझून राहिली, दोन कोळसे घाल. मी घातले. दोन नाही, पाच घातले. भाऊ इवलासा होता, त्याला थंडी वाजेल वाटलं." त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. "सकाळी आईला चहा द्यायला मीच गेली. गाल असे लालबुंद दिसून राहिले होते तिचे. मला वाटलं, आई बरी झाली."

मी कप उचलला आणि परत खाली ठेवला.

"दोघं एकदमच गेले, म्हणून लोक म्हणाले, बाहेरचं झालं. कोणी म्हणाले, दृष्ट लागली. आजी म्हणे माझंच काही चुकलं असेल देवाचं. मेडिकलला दुसऱ्या वर्षी एका तासाला सर कार्बन मोनॉक्साइड शिकवून राहिले होते. बंद खोली, कोळसा, रक्त, लाल गाल. मी उठून वर्गाबाहेर गेली. व्हरांड्यात बसून होती संध्याकाळपर्यंत." त्यांनी चमचा बशीत ठेवला. "कोणाचंच चुकलं नव्हतं रे. सगळ्यांनी मायेनंच केलं. तूही हीटर मायेनंच आणला. म्हणून तर तुझा इतका राग आला मला."

चहा निवला तरी आम्ही बसून होतो. मग मी वर जाऊन माझे कागद घेऊन आलो. क्षेत्रफळाचे, फटींचे, जुने सगळे. टेबलावर पसरले. म्हटलं, "मावशी, आज आपण दोघं मिळून ठरवू. तुम्ही जे जे नको म्हणाल ते मी खोडतो. काही उरलंच नाही तर पाळणा एप्रिलमध्ये करू."

दुपार त्यात गेली. शेवटी एक उरलं. भिंतीवर बसवायचा गॅसचा हीटर, ज्याची ज्योत लोखंडी पेटीत पूर्ण बंद असते. भिंतीतून दोन नळ्या आरपार जातात: एकीनं तो जळायला लागणारी हवा बाहेरून घेतो, दुसरीनं धूर बाहेर सोडतो. खोलीतल्या हवेला तो शिवतच नाही. मावशींनी तो पूर्वी एकदा नाकारला होता. नळीच्या तोंडावर बर्फ साचलं तर काय, म्हणून.

"म्हणजे हा आपली हवा आपण घेऊन येतो," त्या म्हणाल्या.

"हो. आणि जाताना आपला कचराही घेऊन जातो."

"पाहुणा असावा तर असा." मग कागदावरच्या नळीच्या तोंडावर बोट ठेवून म्हणाल्या, "बर्फ मी काढीन. रोज सकाळी गाडी उकरतेच. त्यात आणखी दोन फावडी."

पुढचं सगळं बरं झालं, हे इथंच सांगून टाकतो. मार्चमध्ये आम्हाला मुलगी झाली. मावशींनी त्या दिवशी ड्यूटीवरच्या दुसऱ्या डॉक्टरला घरी पाठवून बाळंतपणाच्या खोलीत स्वतः उभं राहायचा हट्ट धरला. मुलीचं रडणं ऐकल्यावर त्या हिच्या उशाशीच खाली जमिनीवर बसल्या, मास्क लावलेल्या, आणि नर्सनं हात देऊन उठवेपर्यंत उठल्या नाहीत. मुलीला चालायला जरा उशीर झाला, तर मावशींनी पंधरा दिवस स्वतः जेवण धड घेतलं नाही. मग ती चालली, पळाली, शाळेत गेली. आज ती स्वतः दोन मुलांची आई आहे आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते. मावशींनी पुढे आणखी कितीतरी पाळणे केले. रिटायर झाल्यावर त्या दक्षिणेत जॉर्जियाला, अल्फारेटाला गेल्या. तिथं हिवाळा नसल्यासारखाच. फोनवर म्हणायच्या, "इथं सुतारकामाला मजाच येत नाही. गोंद आपोआप वाळतो." पाच वर्षांपूर्वी त्या गेल्या. झोपेत.

पण मावशी म्हटलं की मला त्यांची कुठलीच म्हातारपणची आठवण येत नाही. आठवतो तो फेब्रुवारीतला एक दिवस.

सकाळी गॅसवाला माणूस आला. त्यानं भिंतीला भोकं पाडली, नळ्या बसवल्या, जोडण्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं. मावशी त्याच्या खांद्यावरून प्रत्येक गोष्ट बघत होत्या. त्यानं नळ्या बाहेरून दाखवल्या, आतून दाखवल्या, ज्योत पेटवून काचेतून दाखवली. निळी होती. तो गेल्यावर मावशींनी मला स्वयंपाकघरात पाठवलं.

"तू आत थांब. मी इथं बसते. तासानं दार ठोक."

"मी बसतो ना तुमच्याबरोबर."

"नाही. एकटीलाच बसायचं आहे."

मी दाराच्या फटीतून पाहिलं. त्यांनी गॅरेजचं मोठं दार खाली ओढलं. मग त्या छोट्या खिडकीपाशी गेल्या. तिथं थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग दोन्ही हातांनी जोर लावून त्यांनी ती बंद केली. त्यांनी इतकी वर्षं ती कधी लावलीच नव्हती, त्यांच्या हातून सहजासहजी लागेना.

मी स्वयंपाकघरात येऊन बसलो. बायको समोरच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. गॅसवर दूध होतं. आम्ही दोघं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. आतून आधी रंध्याचा आवाज येत होता, मग तो थांबला. मी उठून दाराकडे निघालो. हीच म्हणाली, "तासाचं सांगितलंय ना, मग तास होऊ दे."

तास झाला. मी दार ठोकलं. आतून काही नाही. पुन्हा ठोकलं. "मावशी!" काही नाही. मी दार ढकलून आत गेलो.

बागेत टाकायच्या घडीच्या खुर्चीत मावशी मान एका बाजूला टाकून बसल्या होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंड अर्धं उघडं. अंगावरचा स्वेटर काढून त्यांनी मांडीवर ठेवला होता. बर्फाचे बूट काढून शेजारी नीट लावून ठेवले होते. मी त्यांचे खांदे धरून गदगदा हलवले आणि काय ओरडलो मला आठवत नाही.

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, मग हीटरच्या काचेकडे, मग शिकंज्यात आवळलेल्या मेपलच्या सांध्याकडे.

"काय झालं रे? ओरडून काय राहिला?"

"मावशी, तुम्ही... मी दार ठोकलं, तुम्ही..."

"डोळा लागला होता." त्यांनी चष्मा वर सरकवला. मी त्यांचे खांदे अजून घट्ट धरले होते, ते त्यांनी पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, जरासं ओशाळलेलं. "मस्त झोप लागली बापा. ते दार लाव आधी. ऊब जाऊन राहिली." आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

मी बाहेर आलो आणि दार लावून घेतलं. बायको खुर्चीतून अर्धी उठली होती. मी म्हटलं, "झोपल्यात."

तिनं गॅस बंद केला आणि दुधाचं पातेलं, भांड्याचा आवाज होऊ न देता, हळूच खाली उतरवून ठेवलं.